अलींच्या स्मृतिदिनाला फोटोला हार घालावा का? आणि तारीख 3 जून की 4 जून?

उदगीरचा कोच

नमस्कार मंडळी. उदगीरात एका जुन्या गोदामात मी संध्याकाळी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. तीन बॅगा आहेत, त्यातली एक पोत्यात चिंध्या भरून आम्हीच शिवलेली. रिंग नाही, फरशीवर चुन्यानं चौकोन आखलाय. आत शिरलं की समोरच अमेरिकेचे जगज्जेते बॉक्सर मोहम्मद अलींचा फोटो दिसतो. पोरं आल्या आल्या चपला काढतात, फोटोकडं बघून हवेत एक जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारतात आणि मग दोरी हातात घेतात. हे मी शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

दरवर्षी जूनमध्ये आम्ही अलींची आठवण काढतो. गेल्या वर्षी आमच्या कमिटीतले एक काका झेंडूचा हार, उदबत्ती आणि नारळ घेऊन आले. फार मनापासून आणलं होतं. हार घातला, उदबत्ती लावली, दोन मिनिटं मौन पाळलं. तेवढ्या वेळात दोन पोरं हळूच दाराजवळ जाऊन उभी राहिली. त्यातला एक तर माझा सगळ्यात तयारीचा फ्लायवेट, म्हणजे हलक्या वजनगटातला बॉक्सर. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील भेटायला आले. रागात नव्हते. म्हणाले, "सर, पोरगा रोज येणार, त्याची फिकीर करू नका. अली आमच्या घरात माझ्या वालिदच्या काळापासून आहेत. फक्त फोटोला हार-उदबत्ती आमच्यात चालत नाही. तेवढ्यापुरतं त्याला बाहेर थांबू द्या."

तेव्हापासून हे डोक्यातून जाईना झालंय. अलींची आठवण काढायची आणि त्यांच्याच धर्माच्या पोराला दाराबाहेर थांबवायचं, हे कसं? काकांशी बोललो तर ते म्हणाले, "अरे, शिवाजी महाराज, बाबासाहेब, अण्णाभाऊ, सगळ्यांच्या फोटोला आपण हार घालतो. मान देण्याची आपली रीत आहे ती." तेही खरंच आहे. त्यांनी क्लाससाठी पदरचे पैसे घातलेत, त्यांचं मन मोडवत नाही.

दुसरा प्रश्न तारखेचा. सगळीकडं 3 जून 2016 लिहिलेलं असतं, पण मला बातमी आठवते ती 4 तारखेच्या शनिवारची. शिवाय 3 जूनला आपल्याकडं मुंडेसाहेबांची पुण्यतिथी. क्लासातल्या काही पोरांच्या घरचे त्या दिवशी परळीला गोपीनाथगडावर जातात, पोरंही सोबत जातात.

तर विचारायलोय ते हे. अलींच्या स्वतःच्या गावात, लुईव्हिलला, लोकांनी नेमकं काय केलं होतं? बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पंधरा मिनिटांत काय सांगावं? आणि चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "अमेरिकेतल्या माणसाचं सुतक उदगीरनं कशाला धरायचं?" त्याला काय सांगू? ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

परभणीचे गुरुजी

सर, हाराचं उत्तर आपल्या खेळातच आहे. बॉक्सर गेला की रिंगमध्ये घंटेचे दहा टोले देतात. पडलेल्या बॉक्सरवर रेफरी दहापर्यंत मोजतो आणि तो उठला नाही की लढत संपते. हे टोले त्याच मोजणीचे. सगळे उभे राहतात, टोप्या काढतात आणि घंटा सावकाश वाजते. आधीचा टोल कानातून पूर्ण जाईपर्यंत पुढचा देत नाहीत. त्याला फोटो लागत नाही, फूल लागत नाही, कुठल्या धर्माचा मंत्र लागत नाही. 2016 च्या जूनमध्ये अलीसाठीही ठिकठिकाणच्या रिंगांमध्ये असे दहा टोले झाले. तुमच्या दाराजवळ गेलेल्या पोराच्या हातात पहिला टोल द्या आणि दुसरा काकांच्या हातात.

आता लुईव्हिलचं सांगतो, कारण त्यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मी परभणीला क्रीडाशिक्षक होतो. तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आमच्या गल्लीत टँकर आला की हंड्यांची रांग लागायची. मृग तोंडावर आला होता आणि आभाळात ढग नव्हता. अशा दिवसांत मी आणि माझे काही जुने विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत जागून एका परक्या गावातली अंत्ययात्रा बघत होतो. लुईव्हिल काही न्यूयॉर्क नव्हे. ओहायो नदीच्या काठचं, नांदेडपेक्षा थोडं मोठं शहर.

अलीनं आपल्या अंत्यविधीची आखणी बरीच वर्षं आधी स्वतःच करून ठेवली होती. कुठं नमाज, कुठून यात्रा, कुणी बोलायचं, सगळं कागदावर. त्यातली मोठी इच्छा ही की सामान्य माणसाला येता आलं पाहिजे. म्हणून शोकसभेची तिकिटं फुकट वाटली. लोक रात्रीपासून रांगेत उभे होते आणि तासाभरात तिकिटं संपली.

9 जूनला, गुरुवारी, जनाजाची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज झाली. जागा होती फ्रीडम हॉल. 1960 च्या ऑक्टोबरात, रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आल्यावर, या पोरानं पहिली व्यावसायिक लढत याच हॉलमध्ये खेळली होती. इमाम झैद शाकिर यांनी नमाज पढवली. 14,000 च्या आसपास माणसं होती आणि त्यात मुसलमान नसलेलेही पुष्कळ होते. ज्याला नमाज येत नव्हती तो शांत उभा राहिला. कुणाला बाहेर थांबावं लागलं नाही. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी यात्रा निघाली. तीसेक किलोमीटरचा रस्ता. ग्रँड अव्हेन्यूवरच्या त्याच्या लहानपणीच्या गुलाबी घरापुढून, त्याच्या नावाच्या रस्त्यावरून, नदीकाठानं, केव्ह हिल दफनभूमीपर्यंत. दोन्ही बाजूंना लाखभर माणसं. ती नुसती रडत नव्हती. "अली! अली!" असा घोष चालला होता. बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते, म्हाताऱ्या बायका गाडीला हात लावून तोच हात ओठांना लावत होत्या, तरुण पोरं गाडीसोबत पळत हवेत ठोसे मारत होती. काचेवर एवढी फुलं पडली की चालकाला रस्ता दिसावा म्हणून ती हातानं बाजूला सारावी लागली. दफनभूमीच्या दारात गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या. पेटी धरणाऱ्यांत बॉक्सर लेनॉक्स लुईस होता, अभिनेता विल स्मिथ होता. बॉक्सर माइक टायसनलाही तो मान दिला होता. म्हणजे फुलं होती सर, भरपूर होती. पण ती माणसांनी वाटेवर आणि गाडीवर उधळली. काकांनी झेंडू आणलाच तर दारातल्या पायरीवर पाकळ्या पसरा, हरकत कुणाची असणार नाही.

दुपारच्या शोकसभेत इमाम होते, ज्यूंचे धर्मगुरू रब्बी होते, ख्रिस्ती पाद्री, बौद्ध भिक्खू, मूळ अमेरिकन जमातींचे प्रमुखही होते. माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन बोलले. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या माल्कम एक्सची मुलगी बोलली. मला मात्र पत्नी लॉनी यांचं भाषण जास्त लक्षात राहिलं. त्यांनी सायकलची गोष्ट काढली, आणि तुमच्या पोरांना तीच सांगा. 1954 साली, बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची (हे अलीचं तेव्हाचं नाव) लाल-पांढरी सायकल चोरीला गेली. पोरगा रडत तक्रार द्यायला एका इमारतीच्या तळघरात उतरला. तिथं जो मार्टिन नावाचा गोरा पोलीस पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. पोरगा म्हणाला, चोर सापडला तर बदडून काढीन. पोलीस म्हणाला, आधी लढायला तर शीक. त्या काळी त्या भागात काळ्या पोराची आणि गोऱ्या पोलिसाची गाठ कशी पडत असेल याचा विचार करा. लॉनींचं म्हणणं होतं की ते दोघं एकमेकांशी बोलले म्हणून पुढचं सगळं घडलं. त्यानं रोमचं पदक नदीत फेकल्याची गोष्ट मात्र सांगू नका. ती घडली की नाही यावर वाद आहे आणि पोरांना कच्ची गोष्ट देऊ नये.

आणि सर, नुसती पदकं सांगून थांबू नका. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. 1964 साली तेव्हाच्या जगज्जेत्या सोनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि त्यानं नाव बदललं. कित्येक वर्षं पेपरवाले आणि विरोधी बॉक्सर मुद्दाम 'क्ले' म्हणत राहिले. 1967 च्या फेब्रुवारीत एर्नी टेरेल तसं म्हणाला, तर अलीनं पंधरा राउंड त्याला मारत मारत विचारलं, माझं नाव काय? त्याच वर्षी 28 एप्रिलला ह्यूस्टनला सैन्यभरतीत त्याचं नाव पुकारलं, आणि व्हिएतनामच्या युद्धाला नकार म्हणून तो पुढं आला नाही. अजिंक्यपद काढून घेतलं, पाच वर्षांची कैद आणि 10,000 डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्यामुळं तुरुंगात जावं लागलं नाही, पण साडेतीन वर्षं रिंग बंद. पंचवीस ते अठ्ठावीस हे वय बॉक्सरचं सोन्याचं असतं, ते गेलं. 28 जून 1971 ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, हजर आठच्या आठ न्यायाधीशांनी.

त्या दिवसांत त्याला शिव्या घालणारे लोक पुष्कळ होते. त्याच्या गावातही होते. 1978 साली लुईव्हिलच्या नगरसभेनं वॉलनट स्ट्रीटला त्याचं नाव दिलं ते सहा विरुद्ध पाच मतांनी, आणि आठवड्याभरात सत्तरपैकी बारा पाट्या चोरीला गेल्या. त्याच 1978 च्या जुलैत आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. मधल्या वर्षांत आपल्या गावागावांत काय झालं, कुणाची घरं जळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या माणसाच्या नावाच्या पाट्या चोरल्या, त्याच रस्त्यावर 2016 ला गर्दी मावली नाही. 2019 पासून तिथल्या विमानतळालाही त्याचंच नाव आहे. हे पोरांना कळलं पाहिजे. आपल्या भागातल्या पोरांना तर ते चटकन कळतं.

टपरीवरच्या माणसाला एवढंच सांगा. बाभळगावात 2012 ला विलासरावांसाठी आणि परळीत 2014 ला मुंडेसाहेबांसाठी माणसं कशी जमली ते आपण पाहिलंय. परळीच्या गर्दीत मी स्वतः होतो. उन्हाचं भान कुणाला नव्हतं, झाडांवर, गच्च्यांवर माणसं. तिथं आलेल्यांपैकी किती जण साहेबांना कधी भेटले होते? आपल्याला बळ देणारा माणूस गेला की जीव तुटतोच, त्याला भेटलेलं असावं लागत नाही. आणि अली भारतात आला होता. 1980 साली मद्रासला त्यानं प्रदर्शनीय लढतही खेळली.

तारीख 4 जून ठेवा. अली गेला तेव्हा तिकडं अ‍ॅरिझोनात 3 तारखेची रात्र होती, आपल्याकडं 4 ची सकाळ वर आली होती. परळीला गेलेली पोरंही तोवर परत येतील.

रोशनगेटचा डावखुरा

गुरुजी, सलाम. कोच सर, मी औरंगाबादला दहा वर्षं बॉक्सिंग केलं, लाइट वेल्टर वजनगटात राज्य स्पर्धेपर्यंत गेलो. आता गॅरेज आहे.

त्या मुलाचे वडील जे म्हणाले ते तुम्ही बरोबर ऐकून घेतलं, याचंच मला फार बरं वाटलं. आमच्या घरातही अलींचा फोटो आहे, कॅलेंडरमधून कापलेला, आधी दादांनी, म्हणजे आजोबांनी, दुकानात लावलेला. म्हणजे फोटोचं वाकडं नाही. पण त्याच्यापुढं उदबत्ती लावणं, हात जोडणं, हे इबादतीसारखं, उपासनेसारखं होतं आणि इबादत फक्त अल्लाहची. तुमच्या काकांचा मान खोटा नाही. त्या पोराला फक्त हात जोडता येत नाहीत. अली स्वतः 1975 नंतर सुन्नी इस्लामकडं आले आणि शेवटपर्यंत नमाजी राहिले, तेव्हा त्यांनाही हेच आवडलं असतं असं मला वाटतं.

त्या वर्षी आपल्याकडं 7 जूनला पहिला रोजा होता. उन्हाळा तसला, पाण्याची बोंब, पहाटे सहरीला उठलं की नळाला हवा. जनाजाच्या रात्री मी तरावीह, रमजानमधली रात्रीची नमाज, पढून बाहेर आलो तर चौकात सगळे एकाच मोबाईलवर वाकलेले. फ्रीडम हॉलमधलं चित्र येत होतं. पेटी पुढं ठेवलेली, मागं नमाजींच्या सफा, म्हणजे रांगा, लागलेल्या. आमच्यात गैरहाजिर मय्यतीची नमाज पढत नाहीत, म्हणून इमामसाहेबांनी दुसऱ्या दिवशी जुम्याला दुआ केली. मग्फिरतीची, म्हणजे क्षमेची, दुआ, जशी मोहल्ल्यातल्या कुणासाठीही करतात. नाव घेतलं तेव्हा मागच्या सफेतला एक म्हातारा हुंदका देऊन रडला. हमाली करायचा तो. त्यानं आयुष्यात एकही लढत पाहिली नसेल. नंतर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बेटा, उसने ना बोला था. इत्ते बड़े मुलुक को ना बोला था."

गुरुजींनी 1967 चं लिहिलंय ते म्हणूनच महत्त्वाचं आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना किन्शासा, मनिला ही त्यांच्या गाजलेल्या लढतींच्या गावांची नावं नीट येत नाहीत, पण नाही म्हटल्याचं सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही दहा टोले द्या. त्यानंतर त्या पोराला वाटलं तर त्याला मनातल्या मनात दुआ करू द्या. काकांना हात जोडायचे असतील तर जोडू द्या. एकाच ओळीत उभं राहून दोन्ही होतं. आणि आठवणीच्या दिवशी कुणाला काही द्यायची आमची रीत आहे. पोरांना हाताच्या पट्ट्या वाटा. चांगल्या बँडेजची जोडी नसल्यामुळं किती पोरांची मनगटं जातात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या काही जोड्या मी पाठवीन, पत्ता खासगी निरोपात कळवा.

लातूर, बार्शी रोड

सगळं पटलं, पण एक गोष्ट राहून जायलीय आणि ती राहू नये. जो फ्रेझर, अलीचा रिंगमधला मोठा प्रतिस्पर्धी.

अलीची रिंग बंद होती तेव्हा फ्रेझरनं त्याला पैशांची मदत केली, लायसन्स परत मिळावं म्हणून शब्द टाकला. आणि 8 मार्च 1971 च्या दोघांच्या लढतीआधी, पुढं मनिलाच्या आधीही, अलीनं त्याच फ्रेझरला गोरिला म्हटलं, गोऱ्यांचा गुलाम म्हटलं. फ्रेझर दक्षिण कॅरोलिनाच्या शेतमजुराच्या घरातून आलेला, खाटीकखान्यात काम केलेला माणूस. त्याच्या पोरांना शाळेत चिडवायचे. तो घाव फ्रेझरच्या मनातून पुष्कळ वर्षं गेला नाही. अलीनं 2001 साली जाहीर माफी मागितली, पण उशीर झाला होता.

मी हे अलीला कमी करायला लिहीत नाही. त्याच्यावर माझा जीव आहे म्हणूनच लिहितोय. आपल्याकडं माणूस गेला की दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर तो देव होतो आणि त्याच्याबद्दल खरं बोलायची सोय राहत नाही. तुमच्या क्लासातली पोरं उद्या स्पॅरिंगमध्ये, सरावाच्या लढतीत, एकमेकांना काही बोलतील. जात काढतील, घरची गरिबी काढतील. त्यांना कळू द्या की अलीनंसुद्धा हे केलं होतं आणि ते वाईट होतं.

2011 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात फ्रेझरचा अंत्यविधी झाला. अली तेव्हा पार्किन्सननं पार थकलेला. 1984 पासूनचा आजार, हात थरथरतात, बोलणं जवळपास बंद. तरी तो आला. काळ्यांचे नेते आणि पाद्री जेसी जॅक्सन यांनी जमलेल्यांना सांगितलं, उभे राहा आणि आपलं प्रेम दाखवा. अली आधार घेऊन उठला आणि टाळ्या वाजवल्या, जेवढ्या जोरात त्या हातांना जमेल तेवढ्या जोरात. म्हणून माझी सूचना, मौन ठेवूच नका. दहा टोले झाले की टाळ्या वाजवा, दोघांसाठी. माझ्या माहितीत मराठवाड्यात शोकसभेला कुणी टाळ्या वाजवत नाही, लोक नावं ठेवतील. ठेवू द्या.

संभाजीनगरची बॉक्सर

कोच सर, तुमच्या क्लासात पोरी आहेत असं लिहिलंय, पण एवढ्या चर्चेत टोला द्यायला कुणी पोरीला बोलावलं नाही. शोकसभेत अलींच्या मुली मरियम आणि रशिदा बोलल्या होत्या. आणखी एक मुलगी लैला तर स्वतः बॉक्सर, 24 लढती खेळली आणि एकही हरली नाही. वडिलांना सुरुवातीला मुलीनं रिंगमध्ये उतरावं हे पसंत नव्हतं, हेही पोरींना सांगा. माझ्या घरीही नव्हतं. आणि बार्शी रोडवाल्या दादांना माहीत असेलच, 2001 च्या जूनमध्ये लैला आणि फ्रेझरची मुलगी जॅकी एकमेकींशी लढल्या. आठ राउंड, लैला जिंकली. बापांची लढाई मुलींनी हातमोजे घालून, नियमात पूर्ण केली. पाच टोले मुलींचे असले पाहिजेत.

उदगीरचा कोच

गुरुजी, भाई, दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं काकांना वाचून दाखवलं. हमालाचं वाक्य आलं तेव्हा ते चष्मा काढून बसले. टोला द्यायला तयार आहेत. हाराचा आग्रह सोडला, पण नारळ फोडायचाच म्हणतात, कारण त्याशिवाय आपल्याकडं काहीच सुरू होत नाही. मी त्या मुलाच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, नारळ फोडा, खोबरं मात्र सगळ्यांना वाटा. त्यावर दोघंही खूश.

4 जूनला संध्याकाळी सहाला ठरलंय. पाच टोले पोरींचे, ताई, नावं काढलीत. सायकलची गोष्ट माझा फ्लायवेट सांगणार. त्याला मी म्हटलं, तू सांग, तो एका क्षणात हो म्हणाला. ह्यूस्टनचं आणि पाट्यांचं मी सांगीन. फ्रेझरचं कुणी सांगावं ठरत नव्हतं, शेवटी दोन पोरं पुढं आली, मागच्या महिन्यात ज्यांची बॅगेवरून मारामारी झाली होती तीच. टाळ्यांवर कमिटीत एक जण अजून नाराज आहे, त्यांना समजावायलोय.

एक अडचण आहे. घंटाच नाही. आम्ही राउंड मोबाईलच्या टायमरवर घेतो.

परभणीचे गुरुजी

मोबाईल नको. शाळेतली पितळी टोलाची घंटा मागून आणा, ती जाड असते, आवाज लांबतो. आता सुट्ट्या आहेत, मुख्याध्यापक गावाला गेले असतील, पण किल्ली शिपाईमामांकडं असते. त्यांना आदल्या दिवशीच गाठा आणि कार्यक्रमालाही बोलवा. लाकडी हातोडी वापरा, लोखंडीनं टोल कर्कश येतो. दोन टोलांमध्ये मनात पाचपर्यंत मोजायला पोरांना शिकवून ठेवा, नाहीतर घाईघाईत शाळा सुटल्यासारखं वाजवतील. जमलं तर मीही येतो, परभणीहून सकाळची गाडी आहे.